विश्लेषण : हातात नसलेली दुर्मीळ वस्तू आगाऊ विकणे... व्यापार की फसवणूक?

स्मारक नाणी, मर्यादित संख्येत निघणारे बूट, पोकेमॉनची कार्डे, लबूबूसारख्या बाहुल्या... अशा संग्राह्य वस्तू बाजारात येण्याआधीच त्यांची विक्री समाजमाध्यमांवर सुरू झालेली असते. ‘प्री-बुकिंग सुरू, थोडेच नग शिल्लक’ अशी जाहिरात करणाऱ्या अनेकांकडे त्या क्षणी एकही नग नसतो. तो मिळेल, अशी त्यांना फक्त आशा असते. ‘बाजारात तुरी...’ ही म्हण आठवावी असाच हा प्रकार. वस्तू मिळाली तर सगळेच खूश. नाही मिळाली तर कुणाचे नुकसान होते, ते कोणी सोसायचे आणि असा व्यवहार मुळात योग्य आहे का, याचा हा आढावा.

हा व्यवहार चालतो कसा?

कंपनी किंवा टांकसाळ एखादी वस्तू मर्यादित संख्येत काढणार असल्याचे जाहीर करते. किंमत आणि विक्रीची तारीखही कळते. वस्तू थोड्या आणि घेणारे अधिक असल्यामुळे ती काही मिनिटांत संपणार हे सगळ्यांना माहीत असते. रांगेत उभे राहण्याची किंवा संकेतस्थळावर झटापट करण्याची तयारी नसलेला संग्राहक मग पुनर्विक्रेत्याकडे वळतो. पुनर्विक्रेता मूळ किमतीपेक्षा जास्त भाव सांगतो, पूर्ण रक्कम किंवा आगाऊ रक्कम घेतो आणि ‘माल आला की पाठवतो’ असे सांगतो.

अशा विक्रेत्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्याच्या हाती ऑर्डर पक्की झाल्याची पावती असते, फक्त वस्तू यायची असते. दुसऱ्याला त्याच्या नेहमीच्या घाऊक पुरवठादाराने काही नग देण्याचा शब्द दिलेला असतो. तिसऱ्याकडे पावतीही नसते आणि शब्दही नसतो. विक्रीच्या दिवशी आपल्याला काही नग मिळतील, एवढ्याच अंदाजावर तो पैसे गोळा करतो. जाहिरातीत मात्र तिघांचीही भाषा एकच असते, त्यामुळे समोरचा कोणत्या प्रकारातला आहे हे ग्राहकाला कळत नाही.

भारतात स्मारक नाण्यांच्या बाबतीत हे चित्र दिसते. २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाच्या उद्घाटनावेळी ७५ रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. अशी नाणी रोजच्या व्यवहारासाठी नसतात. भारत सरकारच्या टांकसाळी ती संग्राहकांना दर्शनी मूल्यापेक्षा बऱ्याच जास्त किमतीला विकतात. अनेकदा आधी नोंदणी होते आणि नाणे नंतर हाती येते. मधल्या काळात त्या नाण्याचे सौदे नाणेसंग्राहकांच्या व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक ग्रुपवर होऊ लागतात.

अमेरिकेतील ‘झादेह किक्स’ प्रकरण काय होते?

हा व्यवहार किती टोकाला जाऊ शकतो, याचे सर्वात मोठे उदाहरण अमेरिकेतील ऑरेगन राज्यातले आहे. ‘झादेह किक्स’ ही २०१३ मध्ये सुरू झालेली कंपनी मर्यादित संख्येत निघणारे बूट विकत घेऊन पुन्हा विकत असे. २०२० च्या सुमारास तिने बूट बाजारात येण्याआधीच ‘प्री-ऑर्डर’ घ्यायला सुरुवात केली. पैसे आधी, बूट नंतर.

डिसेंबर २०२१ मध्ये ‘नायकी’चे ‘एअर जॉर्डन ११ कूल ग्रे’ हे बूट बाजारात आले. अमेरिकी सरकारी वकिलांनी ठेवलेल्या आरोपांनुसार, या एकाच बुटासाठी ‘झादेह किक्स’ने ६ लाखांहून अधिक जोडांच्या ऑर्डर घेतल्या आणि ७ कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम गोळा केली. प्रत्यक्षात कंपनीला मिळाले ६ हजारांहून थोडे अधिक जोड. म्हणजे विकलेल्या दर १०० जोडांमागे जेमतेम एक.

या जोडाची कंपनीची अधिकृत किंमत २२५ डॉलर होती, तर ‘झादेह किक्स’ तो ११५ ते २०० डॉलरमध्ये देऊ करत होती. दुकानात यायच्या आधीच, आणि दुकानापेक्षा स्वस्त! सगळ्यांना हवी असलेली वस्तू कोणी मूळ किमतीपेक्षा कमी भावात कशी देऊ शकेल, हा प्रश्न अनेकांनी स्वतःला विचारला नाही. विचारला असलाच, तर आधीच्या ऑर्डर वेळेवर मिळाल्याच्या अनुभवाने तो मागे पडला. ऑर्डर देणाऱ्यांत हौशी संग्राहक होते, तसे पुढे जास्त भावाने विकण्यासाठी घेणारे छोटे पुनर्विक्रेतेही होते. त्यांच्यातील काहींनी न मिळालेले बूट पुढे आणखी कोणाला तरी कबूल केले होते. एका आश्वासनावर दुसरे आश्वासन उभे राहिले.

एप्रिल २०२२ पर्यंत ग्राहकांचे साडेसहा कोटी डॉलरपेक्षा अधिक देणे थकले. पुढच्याच महिन्यात कंपनी न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या ताब्यात गेली. जुलै २०२२ मध्ये मालकावर फसवणूक आणि मनी लाँडरिंगचे आरोप ठेवण्यात आले. पुढे त्याने फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. ग्राहकांच्या पैशांतून महागड्या गाड्या आणि घड्याळे घेतल्याचेही तपासात समोर आले होते.

मग हातात नसलेली वस्तू विकणे मुळातच चूक आहे का?

नाही. तसे असते तर अर्धा व्यापार ठप्प झाला असता. कोकणात हापूसच्या बागेचा सौदा अनेकदा फळ तयार होण्याच्या कितीतरी आधी होतो. बांधकाम व्यावसायिक इमारत उभी राहण्याआधी सदनिका विकतात. मराठी प्रकाशक ग्रंथ छापून होण्याआधी ‘प्रकाशनपूर्व सवलत’ देऊन पैसे घेतात आणि त्या पैशांवर मोठे प्रकल्प पार पडतात. या सगळ्या व्यवहारांत विकणाऱ्याच्या हाती त्या क्षणी वस्तू नसते.

भारतीय कायद्यालाही हे मान्य आहे. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याच्या कलम ६ मध्ये विक्रेत्याने भविष्यात बनवायच्या किंवा मिळवायच्या वस्तूंची म्हणजे ‘भावी मालाची’ तरतूद आहे. असा माल ‘आत्ताच विकला’ असे विक्रेत्याने म्हटले तरी कायद्याच्या दृष्टीने ती विक्री ठरत नाही, तो ‘विक्रीचा करार’ ठरतो. म्हणजे ग्राहकाने पूर्ण पैसे भरले तरी त्याच्या मालकीचे काहीच झालेले नसते. त्याच्याकडे असते ते फक्त विक्रेत्याचे वचन. जाहिरातीत ‘विक्री’ असे लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात ग्राहक वचन विकत घेतो. सगळा पेच या फरकात आहे.

संग्राह्य वस्तूंच्या बाबतीत वेगळे काय?

सोयाबीनच्या व्यापाऱ्याने पुढच्या महिन्यात १०० क्विंटल माल द्यायचे कबूल केले आणि त्याचा शेतकरी ऐनवेळी फिरला, तर तो लातूर किंवा अकोल्याच्या बाजार समितीतून दुसरा माल उचलू शकतो. भाव चढा असेल, त्याला तोटा होईल, पण वचन पाळणे शक्य असते. सोयाबीनचे एक पोते दुसऱ्या पोत्यासारखेच असते.

संग्राह्य वस्तूची किंमत मात्र ती थोडी आहे यावरच ठरते. अमेरिकेच्या टांकसाळीने नोव्हेंबर २०२० मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीला ७५ वर्षे झाल्यानिमित्त एक सोन्याचे नाणे काढले. युद्ध संपल्याच्या वर्षावरून त्याची संख्या १,९४५ ठेवली होती. हे नाणे देतो म्हणून २,००० जणांनी मिळून वचन दिले असते, तर त्यातली किमान ५५ वचने पाळणे जगातल्या कोणालाच शक्य नव्हते. प्रत्येक विक्रेता प्रामाणिक असता तरीही.

त्याच टांकसाळीने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी चांदीचे एक खास नाणे ६५.९५ डॉलरला विक्रीस ठेवले होते. संख्या ३० हजार आणि एका घराला एकच नाणे, अशी अट होती. अर्ध्या तासाच्या आत सगळी नाणी संपली. त्यानंतर ‘ईबे’वर तेच नाणे हजार डॉलरपेक्षा जास्त किमतीला दिसू लागले. दोनशे डॉलरमध्ये ते नाणे देण्याचे ज्याने आधीच कबूल केले असेल आणि ज्याला स्वतःला ते मिळाले नसेल, त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. हजार डॉलर मोजून नाणे घ्यायचे आणि दोनशेला द्यायचे, किंवा ग्राहकाला ‘माफ करा, माल आला नाही’ असा निरोप धाडायचा.

गणित काय सांगते?

एक सोपे उदाहरण घेऊ. समजा, एका नाण्याची मूळ किंमत ५,००० रुपये आहे. एका विक्रेत्याने ते येण्याआधीच १० ग्राहकांना प्रत्येकी ८,००० रुपयांना विकले. त्याच्याकडे ८०,००० रुपये जमा झाले. विक्रीच्या दिवशी त्याला चारच नाणी मिळाली, खर्च २०,००० रुपये. त्यानंतर बाजारात त्या नाण्याचा भाव १५,००० रुपये झाला.

विक्रेत्याने शब्द पाळायचा ठरवला, तर उरलेली सहा नाणी त्याला ९०,००० रुपयांना घ्यावी लागतील. एकूण खर्च १,१०,००० रुपये, म्हणजे ३०,००० रुपयांचा तोटा. त्याऐवजी त्याने सहा जणांचे पैसे परत केले, तर चार नाण्यांचे ३२,००० रुपये त्याच्याकडे राहतात आणि २०,००० रुपयांचा खर्च वजा जाता १२,००० रुपये नफा होतो.

या दोन पर्यायांत ४२,००० रुपयांचा फरक आहे. ही रक्कम नाहीशी होत नाही. ज्या सहा जणांना ‘माल आला नाही’ असे सांगितले, त्या प्रत्येकाला आता तेच नाणे ७,००० रुपये जास्त देऊन घ्यावे लागेल. सहा गुणिले ७,००० म्हणजे ४२,०००. विक्रेत्याने स्वतःचा तोटा ग्राहकांच्या गळ्यात बांधला, एवढेच घडले.

आता उलट बाजू पाहू. नाण्याला कोणी विचारलेच नाही आणि भाव ४,५०० रुपयांवर आला, तर विक्रेता १० नाणी ४५,००० रुपयांत घेईल, सगळ्यांना वेळेवर पाठवेल आणि ३५,००० रुपये कमावेल. ‘भाव पडला, मला आता नाणे नको’ असे म्हणायची सोय ग्राहकाला नसते. म्हणजे भाव पडला तर करार पक्का आणि भाव चढला तर करार रद्द. विक्रेता वाईट हेतूने वागत नसला, तरी व्यवहाराची रचनाच त्याच्या बाजूने झुकलेली असते.

पैसे परत दिले की जबाबदारी संपते का?

‘आम्ही एक रुपयाही बुडवला नाही, पूर्ण पैसे परत केले’ असा खुलासा विक्रेते करतात. वरचे गणित पाहिले तर तो अपुरा वाटतो. तीन-चार महिने ग्राहकाचा पैसा बिनव्याजी वापरला गेला, हा भाग वेगळाच. विक्रीच्या दिवशी मूळ किमतीत नाणे घेण्याचा प्रयत्न करण्याची संधीही ग्राहकाने, ‘आपले बुकिंग झाले आहे’ या भरवशावर सोडलेली असते.

याबाबत कायदा जुना आणि स्पष्ट आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ खाली एक उदाहरण दिले आहे. एकाने दुसऱ्याला ५० मण सोरा ठरलेल्या भावाने द्यायचे कबूल केले आणि शब्द मोडला. अशा वेळी ठरलेला भाव आणि माल द्यायच्या दिवशीचा बाजारभाव यांतील फरक भरपाई म्हणून मिळण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. वस्तू विक्री कायद्याचे कलम ५७ माल न देणाऱ्या विक्रेत्यावर भरपाईचा दावा करण्याची मुभा देते. आपल्या उदाहरणातल्या सहा ग्राहकांना या न्यायाने ८,००० रुपयांच्या परताव्याशिवाय प्रत्येकी ७,००० रुपये मागता येतात.

मात्र यात एक मोठा ‘जर’ आहे. ‘मला माल मिळाला तरच तुम्हाला देईन’ अशी अट सौद्याच्या वेळीच स्पष्ट सांगितली असेल, तर चित्र बदलते. अशा सशर्त कराराला कायदा मान्यता देतो. अट पूर्ण झाली नाही, तर विक्रेत्यावर भरपाईची जबाबदारी येत नाही. म्हणून सौद्याच्या वेळी ‘जर’ हा शब्द बोलला गेला होता की नाही, यावर बरेच काही अवलंबून असते. प्रत्यक्षात तो पैसे घेताना सहसा उच्चारला जात नाही आणि माल न आल्यावर मात्र आठवतो.

शेअर बाजाराने यावर काय तोडगा काढला?

हातात नसलेली गोष्ट विकण्याचा प्रश्न शेअर बाजाराने फार आधी हाताळला आहे. जवळ नसलेले शेअर विकणे म्हणजे ‘शॉर्ट सेलिंग’. ‘सेबी’ने त्यावर सरसकट बंदी घातलेली नाही. मात्र जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने पुन्हा स्पष्ट केले, की शेअर देण्याची सोय न करता केलेली ‘नेकेड’ विक्री चालणार नाही. संस्थात्मक गुंतवणूकदाराने व्यवहार शॉर्ट सेल आहे की नाही हे ऑर्डर टाकतानाच सांगायचे, किरकोळ गुंतवणूकदाराच्या बाबतीत त्या दिवसाचे व्यवहार संपेपर्यंत. विक्रेत्याने शेअर दिले नाहीत, तर एक्स्चेंज लिलावातून ते मिळवते आणि भुर्दंड विक्रेत्यावर पडतो. खरेदीदाराचे नुकसान होऊ नये, याची तजवीज त्यात आहे.

आयपीओच्या अनधिकृत ग्रे मार्केटमध्येही या फरकाची जाण दिसते. तिथे शेअर मिळण्याआधीच सौदे होतात, पण त्यांना वेगवेगळी नावे आहेत. ‘कोस्टक’ सौद्यात शेअर मिळोत वा न मिळोत, अर्जामागे ठरलेली रक्कम द्यावी लागते. ‘सब्जेक्ट टू’ सौद्यात शेअर मिळाले तरच व्यवहार पुढे जातो. हा बाजार नियमांच्या बाहेरचा आहे आणि त्यात पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही. तरीही जोखीम कोणाची, हे सौद्याच्या नावातच कळते. जानेवारी २०२५ मध्ये ‘सेबी’च्या तत्कालीन अध्यक्ष माधवी पुरी बुच यांनी शेअर वाटप आणि नोंदणी यांच्या मधल्या काळातील व्यवहारांसाठी अधिकृत व्यवस्था आणण्याचा विचार बोलून दाखवला होता. संग्राह्य वस्तूंच्या बाजारात यातले काहीच नाही. लिलाव नाही, तारण नाही आणि सौद्याला वेगळे नावही नाही.

‘आम्ही सेवा देतो’ हा युक्तिवाद कितपत खरा?

पुनर्विक्रेत्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. संकेतस्थळावर तासन् तास बसणे, रांगेत उभे राहणे, वस्तू तपासून नीट पॅक करून पाठवणे यात श्रम आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळीने जॉन केनेडी यांच्या स्मरणार्थ १,२४० डॉलरचे सोन्याचे नाणे काढले. तेव्हा व्यापाऱ्यांनी पैसे देऊन माणसे रांगेत उभी केली होती. गर्दी इतकी वाढली, की सुरक्षेच्या कारणास्तव टांकसाळीला काही दिवसांतच प्रत्यक्ष विक्री थांबवावी लागली. दूरच्या गावातील संग्राहकाला असा कोणी तरी हवा असतो आणि त्यासाठी जास्त पैसे मोजायलाही त्याची तयारी असते.

प्रश्न असा, की विक्रेता नेमकी कोणती भूमिका घेतो? बाजार समितीत अडत्या आणि व्यापारी यांच्यातला फरक सर्वांना ठाऊक असतो. अडत्या दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करतो आणि ठरलेली अडत घेतो. भाव चढला-पडला तरी जोखीम त्याची नसते. व्यापारी स्वतःच्या जोखमीवर माल घेतो, म्हणून नफाही त्याचा आणि तोटाही त्याचा.

‘तुमच्यासाठी प्रयत्न करतो. मिळाले तर मूळ किमतीवर ५०० रुपये, नाही मिळाले तर सगळे पैसे परत’ असे म्हणणारा पुनर्विक्रेता अडत्यासारखा वागतो. त्याच्या व्यवहारात नैतिक अडचण दिसत नाही. ५,००० ची वस्तू ८,००० ला विकणारा व्यापाऱ्यासारखा वागतो. तो ज्यादाचे ३,००० रुपये जोखमीचा मोबदला म्हणून घेतो. मग भाव १५,००० झाल्यावर ती जोखीम त्यानेच उचलायला हवी. भाव व्यापाऱ्याचा लावायचा आणि माल आला नाही की अडत्याचे हात वर करायचे, ही सोय ग्राहकावर अन्याय करणारी आहे.

याची झळ बाजारातील इतरांनाही बसते. हातात काहीच नसताना दहा-दहा नग विकून बसलेले विक्रेते विक्रीच्या दिवशी जिवाच्या आकांताने खरेदी करतात. काही जण संगणकीय ‘बॉट’ वापरतात. त्यातून मागणी फुगते आणि मूळ किमतीत एखादे नाणे घ्यायला आलेल्या साध्या संग्राहकाच्या हाती काही लागत नाही.

हा फसवणुकीचा गुन्हा कधी ठरतो?

दिलेला शब्द मोडला म्हणजे लगेच फौजदारी गुन्हा होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार फसवणुकीसाठी बेइमानीचा हेतू लागतो. तो हेतू व्यवहाराच्या सुरुवातीपासून असल्याचे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या भारतीय दंड संहितेच्या काळापासून वेळोवेळी म्हटले आहे. दहा नग मिळतील अशा सबळ आधारावर दहा ऑर्डर घेतल्या आणि चारच मिळाले, तर तो करारभंग. दहाही मिळणार नाहीत हे माहीत असताना हजार ऑर्डर घेतल्या, तर प्रकरण फसवणुकीकडे झुकते.

ब्रिटनमधील एक निकाल याबाबत महत्त्वाचा मानला जातो. ‘बीझेडझेड लिमिटेड’ या कंपनीमार्फत कार्यक्रमांची तिकिटे चढ्या भावाने विकणाऱ्या दोघांना लीड्सच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये अनुक्रमे चार आणि अडीच वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. खोट्या ओळखी वापरून तिकिटे घेणे आणि हाती नसलेली तिकिटे विक्रीस ठेवणे, असे दोन्ही प्रकार त्यात होते. न विकत घेतलेले तिकीट ‘उपलब्ध आहे’ असे दाखवणे हे फसव्या व्यापाराचा भाग असल्याचे तिथल्या न्यायालयाने मानले.

महाराष्ट्रात हा प्रश्न ‘कोल्डप्ले’च्या निमित्ताने चर्चेत आला. नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवरील जानेवारी २०२५ च्या कार्यक्रमांची तिकिटे २२ सप्टेंबर २०२४ रोजी विक्रीला आली. २,५०० ते ३५,००० रुपयांची ही तिकिटे काही वेळातच संपली आणि पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर त्यांची किंमत लाखांत गेली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने आणि नंतर ‘ईडी’ने चौकशी केली. तिकिटांच्या काळ्या बाजाराला आळा घालण्यासाठी नियम करावेत, अशी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली होती. मात्र हा विषय कायदेमंडळाच्या अखत्यारीतला असल्याचे सांगत न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ती फेटाळली.

पैसे देण्याआधी ग्राहकाने काय तपासावे?

पहिला प्रश्न सरळ विचारा : वस्तू आत्ता तुमच्या हातात आहे का? नसेल, तर ऑर्डर पक्की झाल्याची पावती आहे का? वैयक्तिक तपशील झाकून ती दाखवायला प्रामाणिक विक्रेत्याची हरकत नसावी.

दुसरा प्रश्न : माल मिळाला नाही तर काय? फक्त पैसे परत मिळणार, की बाजारभावाने वस्तू आणून देणार, आणि किती दिवसांत? उत्तर फोनवर न घेता लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेशही पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतो.

तिसरा प्रश्न : तुम्ही एकूण किती नगांचे बुकिंग घेतले आहे? एका घराला एकच नाणे अशी अट असताना कोणी शंभर जणांकडून पैसे घेत असेल, तर त्याला ते मिळणार कुठून, हे त्यालाच सांगू द्या.

मूळ किमतीपेक्षा कमी भावात आगाऊ विक्री होत असेल, तर ‘झादेह किक्स’चा २२५ डॉलरचा बूट आठवा. पैसे परत देण्याऐवजी ‘गिफ्ट कार्ड’ किंवा पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करण्याचा आग्रह, हीसुद्धा धोक्याची खूण आहे. शक्य असेल तिथे पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. अनोळखी व्यक्तीच्या खात्यावर थेट यूपीआयने पैसे पाठवण्यापेक्षा, वस्तू पोहोचेपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या किंवा तक्रार नोंदवण्याची सोय असलेल्या मंचावरून व्यवहार करणे अधिक सुरक्षित.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन मंचावरील विक्रेत्याने सांगितलेल्या मुदतीनंतर माल दिला, तर अपरिहार्य कारण वगळता तो परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास त्याला नकार देता येत नाही. मात्र हौस म्हणून कधीतरी एखादी वस्तू विकणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू होत नाहीत. नियमितपणे धंदा करणाऱ्याला होतात. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. सरळसरळ फसवणूक झाली असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लवकरात लवकर कळवावे. उशीर झाला, तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखण्याची शक्यता कमी होते.

विक्रेत्यांसाठीही एक साधा मार्ग आहे. जाहिरातीत ‘उपलब्ध’ हा शब्द न वापरता ‘अद्याप हाती नाही, मिळाल्यास देऊ’ असे लिहावे आणि माल आला नाही तर काय करणार हेही त्याखालीच नमूद करावे. हे वाचून काही ग्राहक कमी होतील. जे उरतील, त्यांना आपण नेमके काय विकत घेत आहोत हे पैसे देतानाच माहीत असेल.